म्हसकरांची न्याहारी

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, लाद्यांचा एक चौकोन बाकीच्या लाद्यांपेक्षा नवा दिसतो. नवीन भाडेकरू विचारतात, इथे काय होतं? मी सांगते, भट्टी होती. रोट्या भाजायची. सोसायटीला न विचारता बांधलेली. मग ते विचारतात, सेक्रेटरीने चालू कशी दिली? त्यावर मी जिना उतरायला लागते, कारण त्या वर्षी सेक्रेटरी मीच होते.

कात्रपच्या शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं. नियम म्हणजे नियम, हा माझा स्वभाव. जिन्यातल्या चपला, गेटपाशी आडव्या लावलेल्या स्कूटर, खालच्यांच्या डोक्यावर गळणाऱ्या कुंड्या, सगळ्यांना मी नोटिसा लावलेल्या आहेत. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचे दामोदर म्हसकर बहारीनहून कायमचे परत आले, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, चला, या माणसाचा आपल्याला काही ताप नाही. कारण हा माणूस बोलतच नसे. "बरे आहात ना?" म्हटलं की मान हलवायची. "तिकडे उकाडा फार असेल नाही?" पुन्हा मान. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर तोंडात गुळणी धरल्यासारखे बसायचे आणि सही करून निघून जायचे.

उंच, खांद्यात जरासे वाकलेले, आणि उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नाही. ते सगळे भट्टीने खाल्लेले. तरुणपणी म्हसकर अंबरनाथच्या एमआयडीसीत लोखंड तापवून कडक करायच्या भट्टीवर होते. तो कारखाना बंद पडला. मग बहारीनला एका मोठ्या बेकरीत गेले, तेही पाव करायला नाही, तर पावाच्या भट्ट्या दुरुस्त ठेवायला. अकरा वर्षं तिथे राहिले. त्यांची बायको, आमच्या सुनंदाताई, इथेच. सासू अंथरुणाला खिळलेली, मुलगा शाळेत. त्यांनी विमानतळ पाहिला तो नवऱ्याला सोडायला आणि आणायला, तेवढाच.

म्हसकरांना आग कळायची. यापेक्षा वेगळं मला सांगता येत नाही. आमच्या गेटसमोर एक भजीवाला उभा असतो. म्हसकर एकदा रस्त्याच्या अलीकडे दूध घेऊन उभे होते. तिथूनच त्याला म्हणाले, "बर्नर साफ कर. दोन भोकं बुजलीत." भजीवाल्याने बर्नर उलटा करून बघितला. दोनच बुजलेली होती. पुढे मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "बाई, ते बघत पण नव्हते हो. ऐकत होते."

पण माझी खरी खात्री पटली ती उल्हासनगरला. शाळेच्या गॅदरिंगसाठी पडद्याचं कापड आणायला मी आणि सुनंदाताई गेलो होतो, आणि पिशव्या उचलायला म्हसकर. परतताना एका जुन्या बेकरीपुढे ते थांबले आणि आत शिरले. आम्हीही मागोमाग. बेकरीचे मालक, वयस्कर सिंधी गृहस्थ, हातात पावाची लादी धरून कामगारांवर चिडलेले होते. म्हसकरांना गिऱ्हाईक समजून त्यांनाच दाखवू लागले.

"ये देखो साईं, आधा कोयला, आधा कच्चा. आठ दिन से यही चल रहा है. मिस्त्री दो बार आके गया, कुछ नहीं हुआ."

म्हसकरांनी पिशव्या खाली ठेवल्या, बाही वर सरकवली आणि सरळ भट्टीच्या तोंडात हात घातला. मी त्यांना मागे ओढायला पुढे झाले. सुनंदाताई मात्र शांत होत्या. "चटका बसेपर्यंत मोजतायत ते," म्हणाल्या. खरंच त्यांचे ओठ हलत होते. डावीकडे सहापर्यंत मोजून हात काढला, मधोमध आठपर्यंत, उजवीकडे अकरापर्यंत.

"राइट साइड को पीछे, धुएँ के रास्ते में ईंट गिरी है," ते मालकांना म्हणाले. "लंबी सळी दो."

अर्ध्या तासात ती वीट तुकडे होऊन बाहेर आली. पुढची लादी निघाली ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रंगाची. मालक दोन्ही हात जोडून विचारत राहिले की काय देऊ. म्हसकर म्हणाले, "एक घंटा इधर खडा रहने दो." आणि खरंच तासभर भट्टीकडे बघत उभे राहिले. आम्ही दोघी बाकावर बसून नानकटाई खात होतो. त्या दिवशी घरी येताना रिक्षात मी त्यांच्याशी अदबीने बोलले. माझ्या बाबतीत ही मोठीच गोष्ट आहे.

ती अदब दिवाळीपर्यंत टिकली. दिवाळीनंतर वॉचमन सांगत आला की गच्चीवर विटा चढतायत. मी वर जाईपर्यंत टाकीमागे घुमट उभा राहिला होता. विटांचा, वरून उल्हास नदीकाठची चिकणमाती लिंपलेली, समोर तोंड. म्हसकर ओल्या हाताने त्यावरून पोतेरं फिरवत होते.

"म्हसकर, हे काय आहे?"

"भट्टी."

"परवानगी कुणाची?"

त्यांनी हात पुसले, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. सोसायटीची नियमावली. त्यात एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. 'वाळवण व घरगुती खाद्यपदार्थ करण्यासाठी सभासदांना गच्ची वापरता येईल.' ही ओळ मीच लिहिलेली. उन्हाळ्यात बायकांना पापड-कुरडया घालता याव्यात म्हणून भांडून मंजूर करून घेतलेली. मी ती दोनदा वाचली. मग खाली आले आणि चहा केला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी भट्टी पेटू लागली. म्हसकर कणकेचा गोळा हातावरच पातळ करायचे, कापडाच्या उशीवर पसरायचे आणि आतल्या भिंतीवर थापायचे. क्षणात रोटी फुगायची, फोड यायचे, आणि सळईने ओढून काढली की सगळ्या बिल्डिंगला जाग यायची. पहिली रोटी ते स्वतः घ्यायचे. तुकडा मोडायचा, वास घ्यायचा, डोळे मिटून चावायचा. मग म्हणायचे, "ही ती नव्हे." एवढं म्हणून उरलेल्या सगळ्या वाटून टाकायचे.

सांगते तुम्हाला, मी त्या रोट्या खाल्ल्यात. वरून कुरकुरीत, आत मऊ, कडेला किंचित जळकी चव. आयुष्यात इतकं साधं आणि इतकं चांगलं मी काही खाल्लेलं नाही. ज्यांनी परवानगीवरून कुरबुर केली तेच रविवारी डबे घेऊन जिन्यात उभे राहू लागले. आणि हा माणूस मान हलवून म्हणणार, ही ती नव्हे. पुढच्या रविवारी पीठ बदललेलं असायचं, किंवा लाकूड. बाभळीचं आणून झालं, आंब्याचं झालं. पुन्हा तेच.

मार्चमध्ये वाळवणं सुरू झाली आणि अनर्थ झाला. चेअरमनबाईंच्या कुरडयांशेजारी उन्हात काचेच्या तीन बरण्या दिसल्या. आत बारीक मासे, मीठ, मोहरी, धणे, बडीशेप. म्हसकरांच्या मते हेही वाळवणच. पंधरा दिवसांनी त्यांनी एका बरणीचं झाकण उघडलं तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या लोकांनी एप्रिलच्या उकाड्यात खिडक्या लावून घेतल्या. चेअरमनबाईंनी सगळ्या कुरडया परत धुवाव्यात की टाकाव्यात यावर दोन दिवस चर्चा केली. शेवटी मीटिंग झाली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग तसंही मे महिन्यात व्हायचं होतं, वरच्या घरांत ओल उतरत होती. ठरलं की कंत्राटदार यायच्या आत भट्टी पाडायची आणि म्हसकरांना तशी लेखी नोटीस द्यायची. म्हसकरांनी सही केली आणि गेले.

आता खरं सांगते. नोटीस द्यायला मी रविवारी सकाळीच वर गेले, ती चिडूनच. चीड बरण्यांची नव्हती. बिल्डिंगमध्ये कुजबुज चालली होती आणि मला ती खरी वाटत होती. हा माणूस सगळ्या बिल्डिंगला रोट्या वाटतो, आणि बायकोला एक तुकडा देत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझा दरवाजा त्यांच्या दारासमोर. रोज सकाळी मी बघत होते, म्हसकर पोहे किंवा उपमा खातायत आणि सुनंदाताई दाराशी बसून चहात बिस्कीट बुडवतायत. पाच महिन्यांत त्या बाईच्या हातात मी रोटी बघितली नव्हती.

"म्हसकर," मी म्हटलं, "नोटीस नंतर देते. आधी हे सांगा, घरच्या बाईवर ही कसली सक्ती? आम्हाला वाटता आणि त्या खाली बिस्किटावर बसतात. मला बघवत नाही."

म्हसकर विटांच्या ढिगावर बसले. मला वाटलं मान हलवतील. पण ते बोलले.

"मॅडम, ते बिस्कीट माझंच आहे."

वर्गात एखादा मुलगा खरं बोलायला लागला की मध्ये बोलू नये, एवढं मला कळतं.

"बहारीनला मी राजासारखं खाल्लंय. माझ्या खोलीच्या गल्लीत एका इराणी माणसाची भट्टी होती. पहाटे पाचला उघडायची. रोटी काढायचा, त्याच्यावर माशाची ती पातळ चटणी लावायचा, अंडं फोडून पसरायचा नि परत आत ढकलायचा. पेपरात गुंडाळून हातात. वर वेलचीचा दाट चहा. कधी गोड शेवया, केशर घातलेल्या, नि त्यांच्यावर आम्लेट. तुम्ही हसाल, पण खाऊन बघा एकदा. कधी उकडलेले वाल, लिंबू पिळून. अकरा वर्षं मॅडम. एक दिवस चुकलो नाही."

"मग?"

"पहिल्याच आठवड्यात सुनंदानं फोनवर विचारलं, काय खाल्लंत. त्या दिवशी आई पडली होती, मोरीत. ही आदल्या दिवशीचा भात खाऊन तिच्याजवळ बसलेली. मला सांगवेना. म्हटलं, चहा-बिस्कीट. दुसऱ्या दिवशी विचारलं, परत तेच सांगितलं. मग तेच लागू झालं. पुढं व्हिडिओ कॉल आला, तर मी भट्टीवर पोटभर खायचो, खोलीवर येऊन पुडा फोडायचो नि तिच्यासमोर बिस्कीट बुडवायचो. ती पण तिकडून बुडवायची. मला वाटलं, ही आपली सोबत म्हणून खाते."

त्यांनी भट्टीत एक लाकूड सरकवलं.

"सुट्टीवर यायचो तेव्हा पाहुण्यांच्या गडबडीत कधी लक्ष गेलं नाही. कायमचा परत आलो. पहिल्या सकाळी तिनं मला पोहे दिले, स्वतः बिस्कीट. म्हटलं हे काय? तर म्हणाली, 'तुम्ही तिकडं एकटे बिस्किटावर दिवस काढता, मला इथं घास कसा उतरणार? मी पण तेच खायचे. आता सकाळचं दुसरं काही जातच नाही पोटात.' अकरा वर्षं. इथं पोहे करून पोराला द्यायची, सासूला भरवायची, नि स्वतः बिस्कीट. माझ्या खोट्यापायी."

मी मास्तरकीच्या सवयीने बोलले. "अहो, मग सांगून टाका खरं काय ते."

"सांगणार. ती रोटी हातात ठेवून सांगणार. नुसतं तोंडानं काय सांगायचं? खोटं पण तोंडानंच बोललो."

"मग आजवर भाजल्यात त्यातली एक द्यायची होती. इतक्या चांगल्या होतात. त्यांना कुठे फरक कळणार आहे?"

"तेच तर," म्हसकर म्हणाले. "तिनं ती कधी खाल्लेलीच नाही. मी जी देईन ती तिला खरी वाटणार. अकरा वर्षं मी सांगितलं ते सगळं तिनं खरंच मानलं. आता परत खोटी कशी देऊ?"

तीस वर्षांत मी किती उत्तरपत्रिका तपासल्या त्याचा हिशोब नाही. मागे उत्तर बघून गणित जुळवणारे पाहिले, एका मार्कासाठी रडणारे पाहिले. पण इथे एक माणूस होता ज्याचं उत्तर फक्त त्याच्याच जिभेवर होतं. तपासणारं दुसरं कुणी जगात नव्हतं. पास म्हटलं असतं तर पास होता. आणि तो दर रविवारी स्वतःला नापास करत होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण हातात नोटीस होती. ती मी घडी करून पर्समध्ये टाकली.

खाली येऊन मी कंत्राटदाराला फोन केला आणि सांगितलं की आधी शेजारच्या विंगची गच्ची करा, आमच्याकडे पाण्याची अडचण आहे. अडचण काही नव्हती. सेक्रेटरी म्हणून मी केलेली ती पहिली लबाडी, आणि तिची मला आजही लाज वाटत नाही. दोन रविवार मिळाले.

पहिला वाया गेला. आठवड्यात एकदा म्हसकर जिन्यात भेटले आणि आपण होऊन म्हणाले, "पाणी, मॅडम. आपलं पाणी गोडं आहे. तिकडं नळाला मचूळ यायचं. मी पीठ बदलत बसलो." मी म्हटलं, मग मीठ जास्त घाला. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. त्या आठवड्यात ते कुठूनकुठून बोअरिंगचं पाणी बाटल्यांत भरून आणत होते, अंबरनाथपर्यंत जाऊन आले, आणि ओळीने ठेवून चाखत होते.

शेवटच्या रविवारी मी साडेसहालाच वर होते. म्हसकरांनी हात भट्टीत घालून मोजलं. रोटी थापली, काढली, माशाची चटणी लावली, अंडं पसरलं, परत आत सरकवली. बाहेर काढून तुकडा मोडला. डोळे मिटले. चावलं. मी वाट बघत होते त्या तीन शब्दांची. ते आलेच नाहीत. म्हसकरांनी दुसरा तुकडा मोडला, मग तिसरा, आणि कठड्याकडे तोंड करून उभे राहिले. मग मागे न वळता म्हणाले, "सुनंदाला हाक मारता का?"

माझे गुडघे दुखतात, जिना मी धरून धरून उतरते. त्या दिवशी कशी उतरले मला आठवत नाही.

सुनंदाताई पदराला हात पुसत वर आल्या. तोवर दुसरी रोटी निघाली होती. म्हसकरांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "खा." मी तिथून जायला हवं होतं. गेले नाही.

पहिला घास त्यांनी तोंडात नुसताच धरून ठेवला. सकाळचं काही जात नाही ही सवय अकरा वर्षांची. मग गिळला. दुसरा घेतला. अर्धी रोटी संपली तेव्हा म्हसकरांनी सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, मला सांगितलं त्यातलं काही न लपवता. सुनंदाताईंचं चावणं थांबलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, रोटीकडे पाहिलं, आणि पुन्हा खायला लागल्या. शेवटचा तुकडाही खाल्ला. कागदाला बोटं पुसली.

"रोज हे?"

"रोज."

"नि ते बिस्कीट?"

"तुला दाखवायला."

मला वाटलं आता या रडतील, नाहीतर कागद भिरकावतील. त्यातलं काही झालं नाही.

"मला वाटायचं, माणूस तिकडं वाळत चाललाय," त्या म्हणाल्या. "पोट भरलेलं होतं ना तुमचं? बरं झालं मग. पण सांगायचं तरी होतंत हो. मला खायला नव्हतं पाहिजे. नुसतं ऐकायला मिळालं असतं तरी चाललं असतं. आईंचं अंथरूण, नळाचं पाणी, पोराचा डबा. मला दिवसभरात ऐकण्यासारखं दुसरं होतं काय?"

अकरा वर्षं म्हसकरांनी बायकोपासून जे लपवलं होतं, तिला नेमकं तेच हवं होतं.

"अजून एक द्या," सुनंदाताई विटांवर बसत म्हणाल्या. "नि आता सांगा. पहिल्या दिवसापासून."

मंगळवारी भट्टी पाडली. मी उभी राहून पाडून घेतली. म्हसकर खाली कट्ट्यावर होते, सुनंदाताई शेजारी, आणि ते बोलत होते. ज्या माणसाच्या तोंडून मी वर्षभरात वीस वाक्यं ऐकली नव्हती, तो हातवारे करून बोलत होता. पुढचे कित्येक महिने रोज संध्याकाळी हेच. एका बैठकीत एक सकाळ, फार तर दोन. कुठल्या वर्षी इराण्याचा भाऊ आला, रमजानमध्ये भट्टी कधी पेटायची, पावसाचा एकच दिवस आला तेव्हा चहावाल्याने काय केलं. सुनंदाताईंच्या घरून सकाळी फोडणीचा वास येऊ लागला आणि दोन ताटल्या धुतल्याचा आवाज.

पुढच्या वर्षी मुलाने नाशिकला घर घेतलं आणि आईवडिलांना न्यायला आला. सामान आधीच टेम्पोतून गेलं होतं. दोघं रिक्षात बसली, मी गेटपर्यंत गेले. हात हलवला, पण कुणाचं लक्ष नव्हतं. म्हसकर सांगत होते, आणि सुनंदाताईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवून त्यांना मध्येच अडवलं होतं.

"थांबा. त्या रोटीवर तीळ होते की नव्हते?"

"थांब हं," म्हसकर म्हणाले आणि डोळे मिटून आठवू लागले. रिक्षा सुरू झाली, वळणापर्यंत गेली, आणि तोवर त्यांनी डोळे उघडले नव्हते, आणि सुनंदाताई त्यांच्या तोंडाकडे बघत थांबलेल्या होत्या.